वाम कुठून येते? एका प्रश्नाची तेवीस शतकं

मंडळी, आमचा विषय तत्त्वज्ञान. आणि आज आपण बोलणार आहोत एका माशाविषयी, त्याच्या पिल्लांविषयी आणि समुद्राच्या प्रवाहांविषयी. यात तत्त्वज्ञान कुठे आलं, असं काहींच्या मनात येईल. पण जी गोष्ट कोणीही डोळ्यांनी पाहिलेली नाही, तिच्याविषयी 'ठाऊक आहे' असं आपण केव्हा म्हणू शकतो, हा आमच्या शास्त्रातला जुना प्रश्न आहे. त्या प्रश्नाचं वाम माशाइतकं चिवट उदाहरण आम्हाला तरी दुसरं सापडलेलं नाही.

इथे वाम म्हणजे युरोपातल्या नद्यांमध्ये राहणारी वाम, बरं का. आपल्या बाजारात वाम म्हणून जी मिळते ती समुद्रातली, निराळी. युरोपातली ही वाम गोड्या पाण्यात दहा-दहा, वीस-वीस वर्षं काढते. पिवळसर, तपकिरी, चिखलात लपणारी. मग एका शरद ऋतूत तिचं पोट चंदेरी होतं, डोळे मोठे होतात, खाणं थांबतं आणि ती नदीतून खाली समुद्राकडे निघते. परत येत नाही. दुसरीकडे, हिवाळा सरत आला की इंग्लंडची सेव्हर्न, फ्रान्सची ल्वार, जिरोंद अशा नद्यांच्या मुखांशी सहा-सात सेंटिमीटरचे पारदर्शक धागे लाखोंनी येतात. डोळ्यांचे दोन काळे ठिपके सोडले तर आरपार दिसावं इतके स्वच्छ. लोक त्यांना काचेची वाम म्हणतात. मोठी जाते, लहान येते. मधे काय होतं त्यावर पडदा. हा पडदा तेवीस शतकं कोणाला नीट उचलता आला नाही.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करायला हवी. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात या माणसानं शेकडो प्राण्यांची निरीक्षणं लिहून ठेवली. वाम मासे कापून पाहिल्यावर त्याला गाबोळी सापडली नाही, नराचं वीर्यही सापडलं नाही. शिवाय त्यानं नोंदवलं, की काही तळ्यांतलं पाणी पूर्ण उपसलं, चिखल काढून टाकला, तरी पाऊस पडला की तिथे पुन्हा वाम दिसते. मग ती येते कुठून? पृथ्वीच्या आतड्यांतून, म्हणजे ओल्या चिखलात आपोआप तयार होणाऱ्या गांडुळासारख्या जीवांतून, असं त्यानं उत्तर दिलं.

वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. हसण्यासारखं यात फारसं काही नाही, असं आमचं मत आहे. गाबोळी नाही हे त्यानं पाहिलं होतं, आणि ते खरंच होतं, कारण नदीतल्या वाम माशात ती पिकलेली नसतेच. पुरावा खरा, अनुमान चुकीचं. ज्या माशात गाबोळी दिसत नाही त्याला ती कधीच नसते, एवढी एक पायरी त्यानं जास्त चढली. पुढे रोमच्या प्लिनीनं वाम मासे खडकांना अंग घासतात आणि त्या खरवडीला जीव येतो असं लिहिलं. त्याला मात्र कुठलंही निरीक्षण दिसत नाही. विद्वानानं ऐकीव गोष्ट लिहिली की ती हजार-दीड हजार वर्षं चालते, त्याचा हा नमुना.

सतराव्या शतकात इटलीत फ्रांचेस्को रेदी झाला. झाकून ठेवलेल्या मांसात अळ्या पडत नाहीत, हे १६६८ साली प्रयोगानं दाखवणारा तो हाच. जीव आपोआप उत्पन्न होतात या कल्पनेला त्यानं पहिला मोठा धक्का दिला, आणि वामेच्या बाबतीतही त्याचं उत्तर सरळ होतं: मोठे मासे समुद्रात जाऊन अंडी घालतात आणि पिल्लं नदीत चढून येतात. बरोबर होतं ते. पण समुद्रात कुठे, कशी, हे सांगता येईना, त्यामुळे जुनी मतं जिवंत राहिली. १७७७ मध्ये बोलोन्याच्या मोंदिनीनं मादीचे अंडाशय ओळखले. नराचा पत्ता लागायला आणखी सुमारे शंभर वर्षं गेली. १८७४ मध्ये त्रिएस्त इथे सिर्स्की या संशोधकाला लहान वाम माशांत एक पाळीदार अवयव दिसला आणि तो वृषण असावा असं त्यानं सुचवलं. ते पडताळून पाहायला व्हिएन्नाच्या विद्यापीठातून एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याला पाठवण्यात आलं. १८७६ मध्ये त्यानं चारशेच्या आसपास वाम मासे चिरले आणि पुढच्या वर्षी निबंध लिहिला. निष्कर्ष ठाम निघाला नाही. विद्यार्थ्याचं नाव सिग्मंड फ्रॉइड. त्याच्या पुढच्या कामाचा आणि या अपुऱ्या शोधाचा संबंध जोडणारे बरेच विनोद झाले आहेत, ते आपण सोडून देऊ.

आता एक निराळा धागा. सिसिली आणि इटली यांच्यामध्ये मेसिनाची सामुद्रधुनी आहे. तिथे भरती-ओहोटीच्या प्रवाहांची टक्कर होऊन भोवरे उठतात. ग्रीक कथांतली खारिब्दिस राक्षसी ती हीच म्हणतात. या भोवऱ्यांमुळे खोल पाण्यातले प्राणी वर फेकले जातात. तिथे एक पानासारखा चपटा, पारदर्शक, इवल्याशा डोक्याचा मासा मिळायचा. १८५६ मध्ये त्याला स्वतंत्र जात समजून नावही दिलं गेलं होतं. ग्रासी आणि त्याचा सहकारी कालांद्रुच्चो यांनी १८९० नंतरच्या दशकात हे 'पान' टाकीत ठेवून पाहिलं. ते हळूहळू आखूड झालं, गोल झालं, आणि त्याची काचेची वाम झाली. म्हणजे पान हे वामेचं पिल्लू. १८९६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हा शोध मांडला गेला.

हा ग्रासी म्हणजे मलेरियाच्या श्रेयावरून आपल्याकडच्या रोनाल्ड रॉसशी भांडलेला तोच ग्रासी. रॉसनं काम केलं सिकंदराबाद आणि कलकत्त्याला, नोबेल मिळालं १९०२ साली, आणि ग्रासीच्या मनातून ते कधी गेलं नाही. असो. वामेच्या बाबतीत त्यानं पिल्लू ओळखलं, पण जन्मस्थान चुकला. पान मेसिनात मिळतं, तर अंडी भूमध्य समुद्राच्या तळाशीच घातली जात असणार, असं तो धरून चालला.

इथे योहानेस श्मिट येतो. डेन्मार्कचा माणूस. १९०४ साली 'थोर' नावाच्या जहाजावर तो कॉड माशांच्या पिल्लांच्या शोधात होता. फेरो बेटांच्या पश्चिमेला त्याच्या जाळ्यात सुमारे साडेसात सेंटिमीटरचं एक पान आलं. भूमध्य समुद्राच्या बाहेर, भर अटलांटिकात! एका पिल्लानं माणसाची पुढची अठरा वर्षं घेतली. त्याची पद्धत विलक्षण साधी होती. पिल्लू जितकं लहान तितकं जन्मस्थान जवळ. तेव्हा अधिकाधिक लहान पिल्लं कुठे मिळतात ते बघत जायचं. भूमध्य समुद्रात त्यानं जाळी ओढली, तेव्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे जावं तसं पिल्लू मोठं होत जातं असं दिसलं. म्हणजे ती जिब्राल्टरकडून आत येत होती. हे पाण्याच्या हिशोबाशीही जुळतं: भूमध्य समुद्रात बाष्पीभवन जास्त, नद्यांचं पाणी कमी, म्हणून अटलांटिकाचं वरच्या थरातलं पाणी सतत आत ओढलं जातं, आणि त्यावर बसून पिल्लं येतात. ग्रासीचं जन्मस्थान गेलं.

मग पश्चिमेकडे. श्मिटनं व्यापारी जहाजांच्या कप्तानांना जाळी दिली आणि जाता-येता ओढायला सांगितलं. वीसहून अधिक जहाजांनी ते केलं. १९१३ मध्ये त्याला मिळालेलं 'मार्गरेठे' हे जहाज वेस्ट इंडीजजवळ निकामी झालं. नमुने तेवढे वाचले. मग महायुद्ध. १९२० नंतर 'दाना' जहाजावरून तो पुन्हा निघाला. युरोपच्या किनाऱ्यापाशी पिल्लांची लांबी साधारण ७५ मिलिमीटर, अटलांटिकाच्या मध्यावर ५० च्या आसपास, आणखी पश्चिमेला २५, आणि सारगासो समुद्रात सात, कधी पाच मिलिमीटर. त्यापेक्षा लहान कुठेच नाहीत. १९२२ मध्ये त्यानं जाहीर केलं: युरोपातली वाम जन्मते ती सारगासो समुद्रात. हा समुद्र म्हणजे अटलांटिकातला एक प्रचंड संथ भोवरा. याला किनारा नाही. चारी बाजूंनी प्रवाह हीच त्याची हद्द. वर तरंगणारं शेवाळ, खाली हजारो मीटर पाणी.

आता आमचा स्वार्थ. न्यायदर्शनात अनुमानाचे तीन प्रकार आहेत. त्यातल्या 'शेषवत्' या प्रकारासाठी वात्स्यायनानं घेतलेला दृष्टान्त नदीचाच आहे. नदीचं पाणी चढलेलं दिसलं, ओढ वाढलेली दिसली, की वर कुठेतरी पाऊस झाला असं आपण ठरवतो. कार्यावरून कारणाकडे जाणं. त्यावर पूर्वपक्ष उभा राहतो: खाली कोणी नदी अडवली तरी पाणी चढतंच की! मग तुमचं अनुमान प्रमाण कसं? उत्तर असं, की नुसतं पाणी चढणं हा हेतू नव्हेच. वेग, फेस, वाहत आलेली पानं, फळं, लाकडं, असा जो विशिष्ट पूर, तो हेतू. श्मिटचं काम हे या उत्तराचं इतकं चोख उदाहरण आहे, की न्यायसूत्रं शिकवताना आम्ही पुष्कळ वर्षं ते वापरलं. एक लहान पिल्लू मिळालं यातून काहीच सिद्ध होत नाही. हजारो किलोमीटरभर लांबीची जी उतरंड दिसते, तो हेतू.

आणि पूर्वपक्ष इथेही उभा राहिलाच. १९८५ च्या सुमारास बोएटियस आणि हार्डिंग या दोघांनी श्मिटच्या मूळ नोंदी पुन्हा तपासल्या. श्मिटनं सगळीकडे सारखी जाळी ओढली नव्हती, आणि त्याच्या नकाशावरच्या सुबक रेषा आकड्यांपेक्षा जरा जास्तच सुबक होत्या, असं त्यांना आढळलं. सारगासो रद्द झाला नाही. पण 'इतरत्र नाहीत' म्हणायला इतरत्र पुरेसं शोधावं लागतं, ही आठवण त्यांनी करून दिली. अनुपलब्धी हे प्रमाण मानणाऱ्यांनीही हीच अट घातलेली आहे.

बरं, जन्म तिथे झाला. मग पाच-सहा हजार किलोमीटरवरच्या नदीच्या मुखाशी हे पिल्लू पोचतं कसं? अंगात स्नायू नाहीत म्हटलं तरी चालेल. बहुतेक शरीर पाणी आणि जेलीसारखा पदार्थ. चपटं असल्यामुळे बुडत नाही. भोवऱ्याच्या पश्चिम कडेनं ते गल्फ स्ट्रीम या प्रवाहात शिरतं. फ्लोरिडाच्या पुढे या प्रवाहाचा वरचा थर सेकंदाला दोन मीटरपर्यंत धावतो. पुढे तो पसरतो, मंदावतो, त्याचे फाटे होतात: एक उत्तरेला नॉर्वेकडे, एक बिस्केच्या उपसागराकडे, एक खाली अझोर्स बेटांच्या बाजूनं जिब्राल्टरकडे. कोणतं पिल्लू कुठल्या फाट्यात सापडेल ते बहुतांशी नशीब. दिवसा ती खोल जातात, रात्री वर येतात, आणि वरच्या व खालच्या थरांचा वेग सारखा नसल्यामुळे या वर-खाली करण्यानंही मार्ग बदलतो.

प्रवासाला किती काळ लागतो, यावर अजून वाद आहे. लांबीच्या हिशोबानं श्मिटनं जवळजवळ तीन वर्षं म्हटलं. पुढे माशाच्या कानातल्या सूक्ष्म खड्यावरची वर्तुळं मोजणाऱ्यांनी, रोज एक वर्तुळ असं धरून, वर्षाच्या आतला आकडा काढला. प्रवाहाचं गणित करणारे म्हणतात, इतक्या लवकर पाणीच पोचत नाही, तर पिल्लू कसं पोचेल? त्यांचा हिशोब दोन वर्षांच्या आसपास जातो. आमचा कल या दुसऱ्या बाजूला आहे. खोल, थंड पाण्यात वर्तुळ रोज पडतंच हे गृहीत आहे; पाण्याचा वेग मोजलेला आहे.

किनाऱ्याजवळच्या उथळ पट्ट्यात आल्यावर पानाची काच होते, आणि इथून पुढचा भाग आम्हाला सर्वांत विलक्षण वाटतो. नदीच्या मुखात पाणी सहा तास आत येतं, सहा तास बाहेर जातं. नुसतं वाहणारं पिल्लू जिथल्या तिथे हेलकावत राहील. काचेची वाम काय करते? भरती लागली की तळ सोडून वर येते आणि पाण्याबरोबर आत जाते. ओहोटी लागली की तळाशी जाऊन चिखलाला चिकटून बसते. पुन्हा भरती, पुन्हा वर. क्रॉइट्सबर्ग या डच संशोधकानं १९५० नंतरच्या दशकात हॉलंडच्या किनाऱ्यावर हे तपासलं, आणि नदीच्या पाण्याचा वास त्यात महत्त्वाचा असल्याचं दाखवलं. ते पाणी कोळशातून गाळून वास काढून टाकला, की पिल्लांचा प्रतिसाद जायचा. मराठीत आपण 'वाहत गेला' आणि 'पोहत गेला' यांत चटकन फरक करतो. एकात कर्तेपण पाण्याचं, दुसऱ्यात पोहणाऱ्याचं. इथे दोन्ही शब्द अपुरे पडतात. बळ सगळं पाण्याचं, निवड मात्र पिल्लाची. आमच्या कोकणातल्या खाड्यांतही, जिताड्याची पिल्लं भरतीच्या पाण्याबरोबर कांदळवनात आणि खाजणात शिरतात. अलिबाग-पेणच्या बाजूला ती धरून तळ्यात वाढवणाऱ्यांना त्या पाण्याची वेळ बरोबर ठाऊक असते.

हे प्रवाहांचं प्रकरण एकट्या वामेचं नाही. नॉर्वेत सार्स यानं १८६४ साली लोफोटेन बेटांजवळ कॉडची अंडी पाण्यावर तरंगताना पाहिली, तोवर माशांची अंडी तळाशीच असतात असं धरलं जात होतं. अंडी तरंगतात म्हटल्यावर ती वाहणार, हे आलंच. १९१४ मध्ये तिथल्याच योहान योर्ट यानं हेरिंग माशांच्या खवल्यांवरून वयं मोजली. १९०४ साली जन्मलेली एकच पिढी पुढे कित्येक वर्षं सगळ्या मासेमारीला पुरून उरली होती, मागच्या-पुढच्या पिढ्या नाममात्र. का? त्यानं दोन शक्यता मांडल्या. पिल्लांना पहिल्या दिवसांत अन्न मिळालं की नाही. आणि प्रवाहानं त्यांना वाढीच्या जागी नेलं की भलतीकडे. कोळ्याच्या घरात पाच वर्षांनी चूल कशी पेटेल, ते अंडी फुटण्याच्या काही आठवड्यांत पाण्यानं ठरवलेलं असू शकतं. मासे कमी झाले की जाळ्याला, शेजारच्या देशाला, नाही तर देवाला दोष देण्याची जी रीत होती, तिला इथे पहिल्यांदा निराळी वाट मिळाली.

भलतीकडे जाणं म्हणजे काय, ते जपानी वामेत फार स्पष्ट दिसतं. तिचं जन्मस्थान त्सुकामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारियाना बेटांच्या पश्चिमेला शोधलं. २००९ च्या मे महिन्यात त्यांना तिथे प्रत्यक्ष अंडी मिळाली, एकतीस. ही पिल्लं पश्चिमेकडे वाहत फिलिपाइन्सजवळ येतात. तिथे प्रवाहाचे दोन फाटे फुटतात. उत्तरेच्या कुरोशिओ प्रवाहात शिरलेली तैवान, चीन, जपानच्या नद्यांना पोचतात. दक्षिणेच्या फाट्यात गेलेली जपानच्या दृष्टीनं संपली. एल निनोच्या वर्षी सगळंच सरकतं आणि दक्षिणेला जाणाऱ्यांची संख्या वाढते.

युरोपातल्या वामेचं आज काय चाललंय ते सांगून पुरं करतो. १९८० नंतर नद्यांच्या मुखाशी येणारी काचेची वाम कोसळली. १९६० ते १९७९ या काळाच्या तुलनेत उत्तर समुद्राच्या बाजूला आता शेकडा एकाच्या आसपास पिल्लं येतात, इतरत्र शेकडा दहाच्या आत. कारणं एकात एक गुंतलेली: धरणं, वीजनिर्मितीच्या चक्रांत चिरडली जाणारी चंदेरी वाम, पूर्वेकडून आलेला पोटातला कृमी, प्रदूषण, बेसुमार पकड, आणि कदाचित प्रवाहांतला बदल. युरोपीय संघानं २००७ मध्ये नियम केला, की माणसाचा अडथळा नसता तर जेवढी चंदेरी वाम समुद्रात गेली असती, तिच्या वजनाच्या किमान ४० टक्के सुटली पाहिजे. २०१० पासून संघाबाहेर निर्यात बंद. तरी चोरटा व्यापार चालतोच, कारण पूर्व आशियातल्या मत्स्यशेतीला पिल्लं हवीत आणि ती तळ्यात पैदा करणं अजून व्यापाराला परवडत नाही.

यात न्यायाचा एक अवघड प्रश्न आहे. जनुकांच्या अभ्यासावरून, साऱ्या युरोपातली वाम ही एकच बिरादरी आहे असं आज मानलं जातं. ल्वार नदीतून सुटलेल्या मादीची पिल्लं आयर्लंडला पोचतील, नाही तर मोरोक्कोला, नाही तर नाईलच्या मुखाशी. फ्रान्सच्या गावानं आपल्या बंधाऱ्याला माशांसाठी वाट ठेवली, तर फळ कोणाला मिळेल ते पाणी ठरवणार. 'आमच्या नदीतली वाम' हे शब्द व्याकरणानं बरोबर असले तरी त्यामागे वस्तू नाही. तरीही वाट ठेवावी का? आमचं उत्तर 'ठेवावी' असं आहे. पण ते कर्जफेड म्हणून, गुंतवणूक म्हणून नव्हे. त्या गावाच्या नदीत आज जी वाम आहे, तीही कोणत्या तरी परक्या बंधाऱ्यावरून सुटलेल्या मादीची आहे.

आणि पडदा? अझोर्स बेटांजवळून सोडलेल्या मोठ्या माद्यांना उपग्रहाला खूण पाठवणारी छोटी यंत्रं लावण्यात आली होती. त्यातल्या काही सारगासोच्या हद्दीत पोचल्या, हे २०२२ साली प्रसिद्ध झालं. श्मिटच्या घोषणेनंतर बरोबर शंभर वर्षांनी. अंडी घालताना मात्र त्यांना अजून कोणी पाहिलेलं नाही, आणि मोकळ्या समुद्रात युरोपीय वामेचं एकही अंडं अजून हाती आलेलं नाही. आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांत अहीर म्हणून जी वाम मिळते, तीही समुद्रातच जन्मते. 'दाना' जहाज १९२८ ते १९३० या काळात जगप्रदक्षिणेला निघालं, तेव्हा त्याच्या जाळ्यांत हिंदी महासागरातलीही पानं आली, त्यांचा अभ्यास १९४२ मध्ये छापला गेला. पण आपल्या अहीरसाठी कोणी श्मिटसारखी अठरा वर्षं दिलेली आमच्या तरी वाचनात नाही. श्रोत्यांत कोणी तरुण प्राणिशास्त्रज्ञ असतील तर त्यांनी हे लिहून घ्यावं. वेळ झाली आहे. प्रश्न असतील ते आता घेऊ.